हेझल डिकन्स आणि ॲलिस जेरार्ड : पारंपरिक गाण्यांच्या शेजारी बसलेली स्वरचित गाणी

पाणंद (धागाकर्ते)

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन डोंगररांगांची लोकगीते गाणाऱ्या जोड्या पुष्कळ झाल्या आणि आजही आहेत. गिटार, बॅन्जो किंवा फिडल अशी एकदोन वाद्ये आणि दोन गळे एवढ्या सामग्रीवर त्यांचा कार्यक्रम उभा राहतो. पारंपरिक गीतांबरोबर स्वतः रचलेली गीतेही आम्ही गातो, असे बहुतेक जोड्या सांगतात. परंतु ही दोन कामे एकाच बैठकीत निभावणे किती अवघड आहे, हे ऐकू लागल्यावरच कळते. पिढ्यान्‌पिढ्या अनेक गळ्यांतून गेलेल्या गाण्यातला अनावश्यक शब्द केव्हाच गळून पडलेला असतो. त्याच्या पाठोपाठ कालपरवा लिहिलेले गाणे आले की त्यातला कवी एकदम पुढे येऊन उभा राहतो आणि गाणे मागे पडते. ज्यांच्या बाबतीत मला असे जवळजवळ कधीच जाणवले नाही, त्या जोडीविषयी हा धागा आहे.

हेझल डिकन्स वेस्ट व्हर्जिनियातील मर्सर परगण्यातल्या मॉन्टकाम या कोळसाखाणींच्या प्रदेशात वाढली. घरात अकरा भावंडे होती. वडील प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाचे उपदेशक होते आणि खाणींना लागणारे लाकूड वाहून नेण्याचे काम करीत. या पंथाच्या प्रार्थनास्थळात वाद्याला मज्जाव असे. एकाने ओळ सांगायची आणि सर्वांनी ती संथ, खड्या आवाजात ओढून म्हणायची, अशी तेथील रीत होती. साथीविना गाताना सुराला टेकू नसतो, त्यामुळे गळाच भक्कम करावा लागतो, आणि हेझलचा गळा त्या अर्थाने फार भक्कम होता. खाणींतील रोजगार आटू लागल्यावर डोंगरातील हजारो कुटुंबे बाल्टिमोर, डेट्रॉइट, सिनसिनाटी अशा शहरांकडे निघाली. त्या लाटेत हेझलही तरुणपणीच बाल्टिमोरला आली आणि तेथील कारखान्यांत कामाला लागली.

ॲलिस जेरार्डची जडणघडण अगदी वेगळी होती. तिचा जन्म १९३४ मध्ये सिअ‍ॅटलला झाला, बालपण पश्चिम किनाऱ्यावर गेले आणि ओहायोतील अँटिओक महाविद्यालयात शिकत असताना तिला या संगीताचा नाद लागला. दोघींची गाठ पडली ती वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर परिसरातील घरगुती बैठकींमध्ये. या भेटीमागे माइक सीगर हा संग्राहक आणि वादक होता. युद्धाला नैतिक विरोध असल्यामुळे त्याने सैनिकी सेवेऐवजी बाल्टिमोरजवळच्या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात काम पत्करले होते. तेथील एका रुग्णाशी त्याची मैत्री झाली, तो हेझलचा भाऊ रॉबर्ट. पुढे माइक डिकन्स कुटुंबात वादनासाठी जाऊ लागला आणि खाणीच्या मुलखातून आलेली कामगार माणसे व लोकसंगीताने झपाटलेली महाविद्यालयीन मंडळी एका खोलीत बसू लागली. ॲलिस त्या दुसऱ्या मंडळींपैकी एक होती.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका फोकवेज या संस्थेने १९६५ मध्ये काढली. ब्लूग्रास, म्हणजे बॅन्जो, फिडल, मँडोलिन यांच्या साथीने वेगाने गायल्या जाणाऱ्या संगीतात त्या वेळी स्त्रिया असत, पण बहुधा नवऱ्याच्या किंवा भावाच्या वाद्यवृंदात डबल बेस धरून मागे उभ्या राहत. दोन बायकांनी पुढे उभे राहून मुख्य आवाज आणि वरचा साथीचा आवाज दोन्ही आपल्याकडे ठेवणे, तेही चाल सौम्य न करता, ही नवी गोष्ट होती. बिल मन्‍रोसारख्या या शैलीच्या जनकाने त्यांना आपले एक गाणे गायला दिले, यावरून त्यांच्या गाण्याची प्रत लक्षात यावी.

मला मात्र अधिक बोलायचे आहे ते १९७३ मध्ये राउंडर या तेव्हा नव्याच असलेल्या संस्थेने काढलेल्या, त्या दोघींच्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेविषयी. तिच्यात अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील दोन सैनिकांचे ‘टू सोल्जर्स’ हे पारंपरिक कथागीत आहे, डोंगरातील गाणी तबकड्यांवर आणणाऱ्या कार्टर कुटुंबाचे ‘हॅलो स्ट्रेंजर’ आहे, आणि त्यांच्याच रांगेत हेझलची व ॲलिसची स्वतःची गाणी आहेत. ॲलिसच्या ‘कस्टम मेड वुमन ब्लूज’ या गाण्यातील बाई पुरुषाच्या आवडीनुसार स्वतःला कापून, शिवून, बेतून घेते आणि तरीही तो निघून जातोच. हेझलचे ‘डोन्ट पुट हर डाउन’ हे गाणे मद्यगृहात बसलेल्या स्त्रीला नावे ठेवणाऱ्या पुरुषांना सांगते की तिला येथवर आणण्यात तुमचाही हात आहे. ही गाणी स्त्रीमुक्तीच्या चळवळीने उचलून धरली हे खरे, आणि त्यांच्याविषयीच्या लेखनात बहुधा तेवढेच सांगितले जाते. माझ्या मते यात त्यांच्यावर थोडा अन्याय होतो. ही गाणी टिकली ती त्यांतील मतामुळे नव्हे, तर त्यांच्या घडणीमुळे. त्यांत एकही विशेषण भावना चेतवण्यासाठी घातलेले नाही. घडले ते सांगायचे आणि गाणाऱ्याने आपला चेहरा कोरा ठेवायचा, ही जुन्या कथागीतांची शिस्त त्यांत तंतोतंत पाळलेली आहे. जुन्या गीतांत बहिणीचा खून होतो, प्रियकर बुडतो, मूल मरते, आणि गायिका आवाजात काडीचाही कंप न आणता पुढच्या कडव्याकडे जाते. हेझल आणि ॲलिस आपल्या गाण्यांतही तसेच करतात.

याच ध्वनिमुद्रिकेत हेझलचे ‘प्रिटी बर्ड’ आहे. त्याला कोणतीही साथ नाही. ते स्वरचित आहे हे ठाऊक नसलेल्या श्रोत्याला ते कोणत्या शतकातले आहे हे सांगता येईल, असे मला वाटत नाही.

या जोडीविषयी, आणि पारंपरिक व स्वरचित यांच्या नात्याविषयी, जाणकारांनी लिहावे.

सूरपेटी

लेख मन लावून वाचला आणि त्यातील दोन गाणी लगेच ऐकली. आपल्याकडील श्रोत्याला येथे एक अडचण येते, ती नोंदवून ठेवतो. आपला कान एकाच सुरावटीचा मागोवा घेण्यास सरावलेला असल्यामुळे दोन आवाज एकाच वेळी दोन निरनिराळ्या स्वरांवर चालू लागले की मूळ चाल कोणती, हेच प्रथम कळत नाही. या जोडीत पुष्कळदा ॲलिसचा आवाज चाल धरतो आणि हेझलचा आवाज तिच्या वर चालतो. ॲलिस षड्जावर असेल तेव्हा हेझल गंधारावर असते, ॲलिस गंधारावर आली की हेझल पंचमावर जाते, असा हा साधारण हिशेब आहे. परंतु या डोंगरातील जुन्या चालींपैकी अनेक औडव, म्हणजे पाचच स्वरांच्या असतात आणि त्यामुळे वरचा आवाज वेळोवेळी गंधाराचे अंतर सोडून मध्यम किंवा पंचम अंतरावर उडी घेतो. त्या ठिकाणी दोन स्वरांच्या मध्ये एक मोकळी पोकळी ऐकू येते. चर्चमधील चार आवाजी गायनात ती भरून काढलेली असते; येथे ती तशीच ठेवलेली आहे, आणि मला तीच सर्वांत जास्त आवडली.

हेझलच्या गळ्याविषयीही एक निरीक्षण आहे. ओळ संपवताना ती स्वर खाली न सोडता क्षणभर वर झटकते आणि तोडते. आपल्याकडे स्वर सोडतानाही त्याला गोलाई द्यावी अशी शिकवण असते, त्यामुळे पहिल्यांदा ते कानाला टोचते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र त्या झटक्याची वाट पाहिली जाते.

ओसरी

धागा चांगला आहे, तरी दोन आक्षेप नोंदवते. पहिला असा की ॲलिस जेरार्ड यांना ॲपलाचियन परंपरेच्या गायिका म्हणताना आपण घाई करीत आहोत. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतील शिकलेल्या तरुणांना डोंगरातल्या संगीताची मोहिनी पडली. त्या मोहिनीत या संगीताविषयीचा आदर होता, तसाच आपल्या शहरी जगण्याचा कंटाळाही होता. ज्यांना हे जगणे नशिबाने मिळाले होते, त्यांना ते सोडून कारखान्यात यावे लागले आणि ज्यांना ते मिळाले नव्हते, त्यांनी ते हौसेने अंगावर घेतले. हेझल यांचे गाणे आणि ॲलिस यांचे गाणे यांना एकाच मापाने मोजावे का?

दुसरा आक्षेप ‘डोन्ट पुट हर डाउन’विषयी आहे. हे गाणे जुन्या कथागीतांच्या शिस्तीत बसते असे पाणंद म्हणतात. मला ते अधिक सरळपणे व्यावसायिक कंट्री संगीताच्या वाटेवरचे वाटते. १९५२ मध्ये किटी वेल्स यांनी मद्यगृहातील स्त्रियांवर दोषारोप करणाऱ्या पुरुषी गाण्याला उत्तर देणारे गाणे गायले होते आणि ते प्रचंड गाजले होते. हेझल यांचे गाणे त्याच उत्तरादाखल गाण्यांच्या परंपरेतले आहे. त्याचा उगम डोंगरातील ओसरीवर नसून रेडिओवर आहे.

पाणंद

ओसरी यांचे दोन्ही आक्षेप महत्त्वाचे आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर पहिल्याला उपयोगी पडेल.

किटी वेल्स यांच्या गाण्याशी असलेले नाते मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की रेडिओ परंपरेच्या बाहेर ठेवावा का. हेझलच्या लहानपणी डोंगरातील घरांमध्ये शनिवारी रात्री नॅशव्हिलहून येणारा ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम ऐकला जाई. कार्टर कुटुंबाच्या तबकड्या तर त्याआधीच घराघरांत पोहोचल्या होत्या. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअरने त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले. तेव्हापासून आजीकडून शिकलेले गाणे आणि तबकडीवरून शिकलेले गाणे एकाच घरात, एकाच गळ्यातून गायले जात होते आणि गाणाऱ्यांना त्यांत भेद करावासा वाटत नव्हता. भेद संग्राहकांना करावासा वाटे. सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलेस यांच्यासह या डोंगरांत हिंडले आणि त्यांनी इंग्लंडहून आलेल्या कथागीतांचा अमोल साठा टिपून ठेवला. पण त्याच माणसांच्या ओठांवर असलेली भजने, बॅन्जोवरची नाचाची गाणी आणि अलीकडची गाणी यांकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. शुद्ध परंपरेचे जे चित्र आपल्या मनात असते, ते बऱ्याच अंशी अशा निवडीतून तयार झालेले आहे.

आता ॲलिसविषयी. ती बाहेरून आली, यात वाद नाही, आणि ती स्वतः कधी डोंगरातली असल्याचा आव आणीत नाही. ‘कस्टम मेड वुमन ब्लूज’ ऐकताना लक्षात येते की त्यात खाण नाही, लाकडी घर नाही, डोंगरही नाही. मध्यमवर्गीय, शिकलेल्या बाईला जे ठाऊक होते त्यावरच तिने लिहिले आणि लिहिण्याची रीत तेवढी डोंगरातून घेतली. उसने घ्यायचेच असेल तर अनुभव न घेता रीत घ्यावी, असा हा विवेक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या काळातील कितीतरी शहरी गायकांनी नेमके उलटे केले: खाणकामगाराचे दुःख उसने घेतले आणि ते आपल्या नाटकी शैलीत गायले.

शिवाय या दोघींमधला लाभ एकतर्फी नव्हता. हेझलने गाणी लिहायला सुरुवात केली ती याच वर्तुळात आल्यावर. आपल्या घरच्या गाण्याला ऐकणारे, त्यासाठी वेळ काढणारे आणि त्याची लाज न बाळगणारे लोक शहरात आहेत, हे तिला या बैठकींत प्रथम कळले. बाल्टिमोरमध्ये तिच्या उच्चारांची आणि डोंगरी मूळाची थट्टा होत असताना या गोष्टीचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते.

कोळसाकण

माझे बालपण बल्लारपूरच्या खाण वसाहतीत गेले असल्यामुळे हेझल डिकन्स हे नाव मी खाणगीतांच्या वाटेने ऐकले होते. ॲलिसबरोबरची तिची गाणी या धाग्यामुळे ऐकतो आहे. मूळ लेखात खाणगीतांचा उल्लेख निसटला आहे, म्हणून थोडी भर घालतो.

कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साठून होणाऱ्या न्युमोकोनिओसिसला तेथील कामगार ब्लॅक लंग म्हणतात. फुप्फुसाची ऊती कठीण होत जाते, श्वास आखूड होत जातो आणि झालेली हानी भरून येत नाही. हेझलचा थोरला भाऊ थर्मन याच आजाराने गेला. त्याच्यावर तिने जे गाणे लिहिले, त्याचे नावही तेच आहे. ते ती साथीविना गाते आणि त्यात आजारालाच समोर बसवून त्याच्याशी बोलते. सूरपेटी आणि पाणंद यांना कदाचित हे अधिक नेमके सांगता येईल, पण ॲपलाचियन परंपरेत मृत्यूला समोर उभे करून त्याच्याशी वाटाघाट करणारे एक जुने गाणे आहे; मला वर्षभर आणखी जगू दे, अशी त्यात विनवणी असते. हेझलच्या गाण्यात संवादाची ती चौकट तशीच आहे. फरक इतकाच की मृत्यू अटळ असतो आणि धूळ अटळ नसते, तिच्यामागे कोणाचा तरी हिशेब असतो. गाणे ही गोष्ट निराळी करून सांगत नाही. चौकट जुनी आणि आत बसलेला नवा, एवढ्यानेच ती कळते.

२० नोव्हेंबर १९६८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टनजवळच्या खाणीत स्फोट झाला आणि ७८ कामगार मृत्युमुखी पडले. आग विझेना म्हणून दहा दिवसांनी खाणीची तोंडे बंद करण्यात आली. या घटनेवर हेझलने जवळच्या मॅनिंग्टन गावाच्या नावाने गीत रचले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ब्लॅक लंगच्या भरपाईसाठी त्या राज्यातील सुमारे ४०,००० खाणकामगार कामावर गेले नाहीत. राज्याला कायदा करावा लागला, आणि १९६९ च्या अखेरीस खाणकामगारांच्या आरोग्य व सुरक्षेचा केंद्रीय कायदाही झाला. कायदा गाण्यामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. पण त्या लढ्यातील सभांना आणि मोर्चांना अशी गाणी लागत होती आणि ती लिहिणारी बाई खाणीच्या घरातली होती, हे लोकांना ठाऊक होते.

केंटकीतील ब्रुकसाइड खाणीच्या संपावर बार्बरा कॉपल यांनी केलेला माहितीपट १९७६ मध्ये आला आणि त्याला ऑस्करही मिळाले. त्यातही हेझलची गाणी आहेत. जॉन सेल्स यांच्या १९८७ च्या ‘मेटवान’ या चित्रपटात तर ती स्वतः दफनाच्या प्रसंगी गाताना दिसते.

देवराई

मी सध्या नॉर्थ कॅरोलायनात राहते. येथे ॲलिस जेरार्ड यांना या संगीताच्या वडीलधाऱ्या म्हणून मान आहे, आणि त्यामागे केवळ गायन नाही, म्हणून ओसरी यांच्या आक्षेपाला पूरक अशी थोडी माहिती देते.

१९७६ मध्ये जोडी फुटल्यानंतर ॲलिस व्हर्जिनियातील गॅलॅक्सच्या परिसरात राहिल्या आणि त्या भागातील वृद्ध वादकांकडे जाऊन शिकत राहिल्या. सीमेलगतच्या टॉमी जॅरेल या फिडलवादकावर लेस ब्लँक आणि सिसी कॉनवे यांच्याबरोबर त्यांनी माहितीपट केला. १९८७ मध्ये त्यांनी ‘ओल्ड टाइम हेरल्ड’ हे नियतकालिक सुरू केले आणि दीर्घकाळ त्याचे संपादन केले. त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि कागदपत्रे चॅपल हिलच्या विद्यापीठातील लोकसाहित्य संग्रहात आहेत. बाहेरून आलेल्या माणसाने परंपरेचे ऋण फेडायचे ठरवले तर ते कसे फेडता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. वयाच्या ऐंशीच्या सुमारास, २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले.

पुढच्या पिढीवरील परिणामाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नेओमी जड आणि त्यांची मुलगी वायनोना केंटकीत राहत असताना १९७३ ची ती ध्वनिमुद्रिका त्यांच्या हाती लागली आणि ती ऐकून मायलेकी एकत्र गाऊ लागल्या. पुढे ‘द जड्स’ या नावाने त्यांनी कंट्री संगीतात केवढे नाव मिळवले हे सर्वश्रुत आहे. एमिलू हॅरिस यांनीही ‘हॅलो स्ट्रेंजर’ १९७७ मध्ये दोन स्त्रियांच्या आवाजातच गायले.

ओसरी

देवराई आणि पाणंद यांची ॲलिस यांच्याविषयीची बाजू पटली. अनुभव न घेता रीत घ्यावी हे सूत्र चांगले आहे, मात्र ते पुढे ताणल्यास एक जुनी अडचण समोर येते. रीत कोणाची होती, हेही विचारायला हवे. या धाग्यात आतापर्यंत आपण परंपरा म्हणजे गोऱ्या डोंगरी लोकांची परंपरा असेच गृहीत धरले आहे. बॅन्जो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून घडला. कार्टर कुटुंबाच्या गाण्यांचा उल्लेख झाला, पण ए. पी. कार्टर गाणी गोळा करीत फिरत असताना त्यांच्या सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे, हे सांगितले गेले नाही. कार्टर शब्द लिहून घेत आणि रिडल चाल डोक्यात साठवून आणीत. तबकडीवर नाव मात्र कार्टर यांचे लागले. पारंपरिक या शिक्क्याखाली असे किती लोक नाहीसे झाले असतील?

पाणंद

हा मुद्दा कोणीतरी मांडायलाच हवा होता. लेस्ली रिडलचा पुढचा वृत्तान्त या धाग्याच्या विषयाशी जोडलेला आहे: १९६० च्या दशकात त्याला शोधून काढून त्याचे गाणे ध्वनिमुद्रित करणारा माणूस पुन्हा माइक सीगरच होता, म्हणजे ज्याच्या बैठकींतून ही जोडी जमली, तोच. हेझल आणि ॲलिस यांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. बर्निस जॉन्सन रेगन आणि ॲन रोमेन या कृष्णवर्णीय व गोऱ्या कार्यकर्त्या जोडीने १९६६ मध्ये दक्षिणेकडील राज्यांतून लोककलाकारांचा दौरा सुरू केला. त्यात दोन्ही वर्णांचे कलाकार एकाच मंचावर गात. नागरी हक्कांचा कायदा होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि त्या राज्यांत असे एकत्र फिरणे धोक्याचे होते. या दौऱ्यांत हेझल आणि ॲलिसही होत्या. गाण्यात थेट बोलण्याचा त्यांचा आत्मविश्वास या दौऱ्यांनंतर वाढलेला दिसतो, असे माझे मत आहे.

त्याच १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेचे पहिले गाणे ‘मायनिंग कॅम्प ब्लूज’ आहे. ते मुळात ट्रिक्सी स्मिथ या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेने १९२० च्या दशकात गायलेले आहे. खाणीत गेलेल्या आपल्या माणसाची आठवण एक कृष्णवर्णीय स्त्री गाते, तेच गाणे वेस्ट व्हर्जिनियाच्या गोऱ्या खाण कुटुंबातील मुलगी पुढे चालवते, आणि कुठेही ते परके वाटत नाही. याने अन्यायाची भरपाई होते असे नाही, कारण नाव आणि मानधन हे वेगळेच प्रश्न आहेत. पण पारंपरिक गाण्यांची निवड करताना या दोघींनी शार्प यांच्यापेक्षा अधिक मोकळ्या कानाने ऐकले, एवढे निश्चित म्हणता येईल.

वाटसरू

चर्चा उत्तम चालली आहे. दोन साधे प्रश्न विचारतो. इतके जमलेले असताना ही जोडी १९७६ मध्ये फुटली का? आणि नव्या श्रोत्याने सुरुवात कोठून करावी?

देवराई

पहिल्या प्रश्नाविषयी थोडक्यात सांगते. जोडी थांबवण्याचा निर्णय ॲलिस यांनी घेतला आणि तो हेझल यांना बराच लागला, असे दोघींच्या नंतरच्या बोलण्यातून दिसते. दोघींना निरनिराळ्या दिशांना जायचे होते. हेझल कामगारांच्या लढ्यांची गायिका म्हणून एकट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या एकल ध्वनिमुद्रिका १९८० च्या दशकात आल्या आणि २००१ मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. ॲलिस जुन्या वादकांकडे वळल्या. पुढे अबोला उरला नाही आणि अधूनमधून दोघी एकत्र गायल्याही. एप्रिल २०११ मध्ये हेझल यांचे निधन झाले. २०१७ मध्ये ब्लूग्रासच्या मानवंदना दालनात दोघींची नावे एकत्रच दाखल झाली.

पाणंद

सुरुवात १९७३ च्या राउंडरच्या ध्वनिमुद्रिकेने करावी आणि ती क्रमाने ऐकावी, कारण जुने आणि नवे कसे शेजारी बसवले आहे हे क्रमातच कळते. फोकवेजच्या दोन्ही ध्वनिमुद्रिका पुढे १९९६ मध्ये एकत्र करून पुन्हा काढण्यात आल्या. त्यांत मँडोलिन, फिडल, पाच तारांचा बॅन्जो असा पूर्ण ताफा आहे आणि वेग अधिक आहे. ब्लूग्रासची सवय नसलेल्याला एका दमात थोडे जड जाईल.

ज्यांना दोन गळे आणि मोजकी वाद्ये एवढेच ऐकायचे आहे, त्यांनी २०१८ मध्ये प्रकाशित झालेली १९६५ ते १९६९ या काळातील खासगी ध्वनिमुद्रणे अवश्य ऐकावीत. त्या फिती सरावाच्या आहेत, प्रकाशनासाठी केलेल्या नाहीत. त्यांत दोघी रेडिओवरची, तबकडीवरची, कुटुंबातली अशी हाती येईल ती गाणी घेऊन कोणाचा आवाज वर बसतो आणि कोणाचा खाली, हे तपासून पाहताना ऐकू येतात. सूरपेटी यांनी वर ज्या पोकळीचा उल्लेख केला आहे, ती तेथे अधिक स्पष्ट ऐकू येईल, कारण तिला झाकणारे वाद्य जवळपास नाही.

सूरपेटी

आभारी आहे. त्या फिती ऐकून कोणत्या गाण्यात वरचा आवाज ॲलिसकडे जातो आणि त्याने चालीचा रंग कसा बदलतो, हे स्वरलेखनासह येथेच वेगळ्या प्रतिसादात लिहीन. कोणाकडे ‘टू सोल्जर्स’च्या अन्य गायकांच्या आवृत्त्या असतील तर कृपया कळवावे, तुलनेसाठी त्या हव्या आहेत.